अपंगत्वाचा दाखला, बुद्धिबळाचा पट आणि विज्ञानकथा

— ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण नेहमी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचटाचे व्यवस्थापन, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेतो. या खेपेस जरा बांध ओलांडून दुसरीकडे जाऊ या. विषय आहे शेतातल्या अपघाताने येणाऱ्या अपंगत्वाचा, त्यापोटी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, आणि ती मदत हातात पडेपर्यंत माणसाने मन कशात गुंतवायचे याचा.

उसाच्या पानात हे काय मध्येच, असे काहींना वाटेल. पण शेतकी खात्याच्या नोकरीत रोज शिवार फिरताना एक गोष्ट नजरेला येते. आपल्या कार्यक्षेत्रात असे गाव काढून दाखवा की जिथे कडबाकुट्टीत, गुऱ्हाळाच्या चरकात, उलटलेल्या ट्रॉलीखाली किंवा विहिरीवरच्या मोटारीपाशी कुणाचा हात, पाय, बोटे गेलेली नाहीत. उसाचा उतारा एकरी दोन टन घटला तर आपण चर्चासत्र घेतो. घरचा कर्ता माणूस जायबंदी झाला की मात्र चार दिवस माणसे भेटायला येतात, केळी-मोसंबी ठेवून जातात, आणि पाचव्या दिवसापासून तो माणूस आणि त्याचे कागद, दोघेच उरतात.

वाढे घालताना गेलेला हात

आमच्या गटातले एक सभासद आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, दोन एकर ऊस, दोन म्हशी. नाव छापू नका म्हणाले, म्हणून इथे नुसते आण्णा म्हणतो. २०२३ चा डिसेंबर, गळीत हंगाम भरात होता. रात्रीची लाइट आली म्हणून आण्णा उसाचे वाढे कडबाकुट्टीत घालायला बसले. वाढ्याचा पेंढका अडकला, तो उजव्या हाताने आत ढकलला, आणि रोलरने वाढ्याबरोबर हातही ओढून घेतला. मनगटाच्या वर चार बोटे अंतरावर हात कापावा लागला.

आण्णा दवाखान्यात असतानाच त्यांच्या धाकट्या भावाने शहाणपणाचे एक काम केले. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा प्रस्ताव चोविसाव्या दिवशी तालुक्याला नेऊन दिला आणि दुय्यम प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेतली. ही पोच पुढे कशी उपयोगी पडली ते ओघात येईलच.

प्रस्ताव तीन महिन्यांनी परत आला. कारण काय, तर सातबाऱ्यावर नावापुढे 'राव' आहे आणि आधार कार्डावर नाही. 'राव' लावलेला आणि 'राव' नसलेला माणूस एकच आहे असे प्रतिज्ञापत्र केले. ते जोडून कागद पुन्हा दिले, तर मूळ प्रस्तावच सापडेना. "तुम्ही मुदतीत दिलाच नसेल," असे ऐकावे लागले. तेव्हा भावाने ती पोच टेबलावर ठेवली. मग शोधाशोध झाली आणि फाइल निघाली. एक हात गेल्याबद्दलचे एक लाख रुपये आण्णांच्या खात्यावर जमा झाले ते २०२५ च्या फेब्रुवारीत. अपघाताला तोवर चौदा महिने झाले होते.

अपंगत्वाच्या दाखल्याची कथा निराळी. सरकारी दवाखान्यात तपासणीचा वार ठरलेला असतो. पहिल्या खेपेस वार चुकला. दुसऱ्या खेपेस हाडांचे डॉक्टर रजेवर होते. तिसऱ्या खेपेस तपासणी झाली, पण जखम अजून पक्की बसलेली नाही म्हणून एका वर्षापुरताच दाखला मिळाला. आण्णा मला म्हणाले, "साहेब, वर्षानं काय हात फुटनार हाय व्हय? खोडवा हाय का त्यो?" मी काय बोलणार? वर्षाने पुन्हा जाऊन आले, तेव्हा कुठे ६५ टक्के कायमस्वरूपी अपंगत्वाचा दाखला झाला.

त्यानंतर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केला. तो उत्पन्नाच्या अटीवर नामंजूर झाला. त्याबद्दल पुढे खुलासेवार लिहिले आहे, कारण आपल्या सभासदांची सर्वांत जास्त फसगत तिथेच होते.

कागदापेक्षा मोठे दुखणे

या चौदा महिन्यांत आण्णांचे जे झाले ते कुठल्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नाही. माणूस गोठ्याच्या ओट्यावर बसून राहायचा. कुणी विचारपूस केली की अंगावर यायचा. धारा काढणे, पाणी पाजणे, सोसायटीचे हप्ते, सगळे वहिनींवर आले. शर्टाची गुंडी लावायला बायको, भाकरी मोडायला पोरगी. "माणूस म्हणून माझी वजावट झाली," असे ते एकदा बोलले. रात्री नको नको ते विचार येत असल्याचेही पुढे त्यांनी स्वतःच सांगितले. तणनाशकाचे कॅन वहिनींनी गुपचूप दिराच्या घरी नेऊन ठेवले होते.

हे मुद्दाम लिहितो आहे. हात-पाय गेल्यावर पहिली दोन वर्षे मनाला फार जड जातात, आणि आपल्याकडे त्याबद्दल बोलण्याची रीत नाही. अशा वेळी 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येते. घरच्यांनीही करावा. त्यात लाज धरण्यासारखे काही नाही.

आण्णांच्या बाबतीत तोड निघाली ती गावातल्या वाचनालयातून. वाचनालय सांभाळणारे निवृत्त गुरुजी एके दिवशी बुद्धिबळाचा पट काखेत मारून गोठ्यात येऊन बसले. "आण्णा, दोन हातांचा खेळ मला आता झेपत नाही. हा एका हाताचा आहे," म्हणाले.

एका हाताचा खेळ

बुद्धिबळ आपल्या भागाला नवे नाही. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. खाडिलकर भगिनींनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्राचे नाव गाजवले. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती देशाची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. पण आपल्याकडे अजूनही पुष्कळ जण याला रिकामटेकड्यांचा खेळ समजतात.

आण्णा पहिले दोन महिने हरतच होते. डाव्या हाताने सोंगटी उचलताना शेजारची पडायची. पण हळूहळू डाव्या हाताची बोटे वळायला लागली. दवाखान्यात जो व्यायाम सांगितला होता आणि जो त्यांनी चार दिवसांत सोडून दिला होता, तोच व्यायाम इथे नकळत होऊ लागला. पुढे तालमीच्या कट्ट्यावर पोरांबरोबर डाव्या हाताने कॅरमही सुरू झाला. पहिल्या दिवशी स्ट्रायकर बोर्डाबाहेर गेला, पोरे हसली, आणि आण्णाही हसले. अपघातानंतर पहिल्यांदाच हसले, असे वहिनी सांगतात.

गुरुजींनी आणखी एक शिस्त लावली. प्रत्येक डाव वहीत लिहून काढायचा. कोणती सोंगटी कोणत्या घरातून कोणत्या घरात गेली, हे ओळीने मांडायचे. त्यामुळे डाव्या हाताचे अक्षर बसले. पुढे त्याच वहीत आण्णांनी डाव्या पानावर डाव आणि उजव्या पानावर कचेरीच्या खेपा लिहायला सुरुवात केली. तारीख, कुठल्या टेबलाला गेलो, कोण काय म्हणाले, पुढचा वायदा कोणता, खर्च किती. कचेरीत कुणी म्हणाले की "तुम्ही आलाच नव्हता", तर आण्णा वही उघडत. भांडण नाही, आवाज नाही. वही बघितली की समोरचाही जरा सावरून बोलतो, असा त्यांचा अनुभव आहे.

आण्णांचे म्हणणे असे की, कचेरीत आपण प्यादे आहोत हे एकदा मनाने धरले की त्रास कमी होतो. प्याद्याने एका वेळी एकच घर पुढे जायचे, मागे फिरायचे नाही. वजिरासारखी तिरपी धाव घ्यायला गेले की मध्येच मारला जातो. तिरपी धाव म्हणजे काय, हे सभासदांना सांगायला नको. पाच हजारांत दाखला काढून देतो म्हणणारे एजंट प्रत्येक तालुक्याला बसलेले असतात.

आमच्या गटातल्याच दुसऱ्या एका सभासदाच्या मुलाची नजर लहानपणापासून जवळजवळ गेलेली आहे. त्यालाही आता गुरुजी शिकवतात. अंधांचा पट निराळा असतो. काळी घरे पांढऱ्या घरांपेक्षा किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगटीच्या बुडाला खिळी, आणि एका रंगाच्या सोंगट्यांच्या डोक्यावर हाताला लागेल अशी खूण. दोन्ही खेळाडू आपापला पट घेऊन बसतात आणि चाल तोंडाने सांगतात. डोळस माणसाशीही बरोबरीने खेळता येते. मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः अंध. त्यांनी अंधांच्या बुद्धिबळाची अखिल भारतीय संघटना उभी केली आणि आपल्या देशाचे अंध खेळाडू आज परदेशात खेळून येतात.

पेठचा पैलवान आणि करगणीचा गोळा

खेळाने काय होते, असे कुणी म्हणाले तर त्याला वाळवा तालुक्यातल्या पेठ गावाचे नाव सांगावे. मुरलीकांत पेटकर तिथले. फौजेत बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचे शरीर गेले. पाण्यात उतरून त्यांनी पोहण्याचा सराव केला. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला झालेल्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी जागतिक विक्रम केला. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. अर्जुन पुरस्कार त्याच्याही नंतर, २०२५ च्या जानेवारीत. कागद उशिरा आला तरी पोहणे काही थांबले नव्हते.

आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांचे नाव तर ताजे आहे. एक हात अधू. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून त्यांनी रौप्यपदक आणले. आटपाडी म्हणजे माणदेशाची दुष्काळी पट्टी. तिथे पाण्याची वाट बघण्यात माणसांच्या पिढ्या गेल्या, पण हा गडी कुणाची वाट बघत बसला नाही.

विज्ञानकथांची गोडी

बुद्धिबळाला जोडीदार लागतो. रात्री एक वाजता जोडीदार कुठून आणायचा? झोप नाही, तुटलेल्या हाताची नसलेली बोटे ठणकतात. असा ठणका खरोखरच लागतो, तो मनाचा खेळ नव्हे, हे डॉक्टरही सांगतात. गुरुजींनी त्यावर पुस्तके दिली. आधी संतचरित्रे दिली, ती आण्णांनी परत केली. "साहेब, सगळ्यात लिवलंय सहन करा. त्ये तर करतोयच की," म्हणाले. मग गुरुजींनी जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा १९७९ सालचा कथासंग्रह दिला आणि तिथून जी गोडी लागली ती लागलीच.

नारळीकर मूळचे आपल्याच भागातले. १९३८ साली कोल्हापुरात जन्मले, केंब्रिजला शिकले, खगोलशास्त्रात जगभर नाव झाले, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. त्यांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर'. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये कथास्पर्धा घेतली, तेव्हा त्यांनी ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. आपले नाव बघून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, एवढ्यासाठी. कथेला पहिले बक्षीस मिळाले. वशिला असून तो न लावणारा माणूस म्हणून आण्णांना या हकिगतीचे मोठे कौतुक.

कृष्णविवर म्हणजे काय हे आण्णा आता कुणालाही सांगतात. एखादा तारा स्वतःच्याच ओढीने इतका आकसतो की त्याच्यातून प्रकाशही बाहेर पडत नाही. त्याच्या जवळपास काळ मंदावतो. लांबून बघणाऱ्याची वर्षे सरतात, तेव्हा तिथल्या घड्याळात थोडकीच मिनिटे झालेली असतात. "म्हंजे कचेरीतल्या बाकड्यावानीच की साहेब," आण्णा म्हणतात, "फकस्त उलटं. बाहेर एक तास हुतो, आत जन्म जातो."

त्यांची आवडती कथा 'उजव्या सोंडेचा गणपती'. आरशात दिसावी तशी डाव्या-उजव्याची अदलाबदल आणि क्रिकेटचा सामना यांची त्यात सांगड आहे. पुढचे सांगत नाही, वाचणाऱ्याची मजा जाईल. उजवा हात गमावून डावखुरा झालेल्या माणसाला ही कथा आपलीच वाटली तर नवल नाही. गुरुजींनी त्यांना कागदाची मोबियस पट्टीही करून दाखवली. वजनपावतीची लांब पट्टी घ्यावी, तिला एक पीळ द्यावा आणि टोके चिकटवावीत. त्या पट्टीला दोन बाजू उरत नाहीत, एकच राहते. उजव्या हाताच्या पंज्याचे चित्र, पट्टीला जाडी नाही असे समजून, तिच्यावरून सरकवत पूर्ण फेरी मारून आणले तर ते डाव्या हाताचे होऊन येते. वजनपावतीचा इतका चांगला उपयोग मी तरी दुसरा बघितलेला नाही.

आणि 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक असलेल्या पंतांना ट्रकची धडक बसते आणि ते अशा जगात जातात की जिथे १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. आपल्या कथाकाराचे सांगणे असे की, एका बारीक क्षणाला वाट फुटते. गोळी बसली तर एक इतिहास, चुकली तर दुसरा. ही कथा वाचून आण्णा तीन दिवस गप्प होते. मग मला म्हणाले, "त्या रात्री लाइट आलीच नसती, तर एक आण्णा दोन हातांचा फिरत असंल कुठंतरी. असू दे बिचारा. पर त्याला नारळीकर ठावं नसनार, आनि बुद्धिबळ तर नाहीच नाही." एवढे बोलून त्यांनी चहा मागवला. 'तसे झाले नसते तर' या एका वाक्याने माणसाला वर्षानुवर्षे कुरतडलेले मी पाहिले आहे. आण्णांनी ते वाक्य गोष्टीत नेऊन ठेवले आणि मोकळे झाले.

नारळीकरांखेरीज बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांचीही पुस्तके वाचनालयांत असतात. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, तो पोराटोरांनाही आवडेल. सभासदांच्या घरात सातवी-आठवी झालेले कुणीही वाचू शकेल अशी ही भाषा आहे.

आज आण्णा घरामागे उसाची रोपवाटिका चालवतात. एक डोळा पद्धतीची, को ८६०३२ आणि फुले २६५ ची. डोळे काढण्याचे काम वहिनी आणि पोरगी करतात. ट्रे भरणे, पाण्याची वेळ, नोंदवही आणि गिऱ्हाईक आण्णांकडे. शिबिरात मिळालेला कृत्रिम हात लग्नाकार्याला घालतात, एरवी तो खुंटीवर असतो.

सभासदांनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी

आता कामाचे बोलू. रकमा आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाच्या आधी कचेरीत विचारून खात्री करावी.

१) अपघात अनुदान. गोपीनाथ मुंडे योजना एप्रिल २०२३ पासून विमा कंपनीऐवजी थेट सरकारी अनुदान म्हणून चालते. मृत्यू, दोन डोळे, दोन अवयव, किंवा एक डोळा व एक अवयव गेल्यास दोन लाख रुपये. एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. वय १० ते ७५. सातबारा असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातील सातबारा नसलेली एक व्यक्ती यांना लागू. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावा. जखमी दवाखान्यात असला तरी घरच्याने द्यावा.

२) पोच. शिक्का, सही, तारीख. पोच नसलेला कागद दिलाच नाही असे धरून चाला.

३) नावातील फरक. सातबारा, आधार, बँक पासबुक आणि आपल्या कारखान्याचे शेअर सर्टिफिकेट, चारही कागद आज रात्री घरी काढून शेजारी शेजारी ठेवा. 'राव', 'बाई', वडिलांचे नाव, आडनावाची वेलांटी तपासा. फरक असल्यास आताच दुरुस्त करून घ्या. अपघाताची वाट बघू नका.

४) दाखला आणि कार्ड. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच होते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. 'स्वावलंबन' या संकेतस्थळावर अर्ज केल्यावर तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड मिळते. ते देशभर चालते. कार्डावरची पट्टी ४० टक्क्यांखाली पांढरी, ४० ते ८० पर्यंत पिवळी आणि ८० व त्यावर निळी. टक्केवारी मान्य नसल्यास ९० दिवसांच्या आत अपील करता येते. दवाखान्यात जाण्याआधी तपासणीचा वार फोनवर विचारावा.

५) निराधार योजना. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ पासून तिच्यातील दिव्यांग लाभार्थ्यांना महिना २,५०० रुपये मंजूर आहेत, त्याआधी १,५०० होते. परंतु दिव्यांगांसाठीही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. दोन एकर उसाचे बिल ज्या घरात येते ते घर या अटीत बसत नाही. खत, पाणी, सोसायटी वजा जाता हातात काही उरत नाही हे आपल्याला माहीत आहे, पण खात्यावर बिल दिसते. ही अट शेतकऱ्याला जाचक आहे असे माझे मत आहे, आणि आपल्या प्रतिनिधींनी ते वरती मांडावे. मात्र म्हणून खोटा उत्पन्नाचा दाखला काढू नये. तो उघडकीस आला की रक्कम वसूल होते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. आपल्या शेतावर राबणारे भूमिहीन मजूर आणि तोडणी टोळीतील माणसे मात्र या अटीत बसतात. त्यांना ही माहिती देणे आपले काम आहे.

६) ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. ग्रामसभेत उठून विचारा, किती जमा झाली आणि कशावर खर्च झाली. इथे उत्पन्नाच्या अटीचा अडसर निराधार योजनेइतका येत नाही. शिवाय एसटीला ७५ टक्के सवलत आहे.

७) कडबाकुट्टी. अपघातच टळला तर यातले काहीच लागत नाही. अडकलेला घास हाताने ढकलू नये. आधी यंत्र बंद करावे, रिव्हर्स असल्यास घास उलटा काढावा. लोंबणारी बाही, उपरणे, पदर, सैल बांगड्या नकोत. पात्यावरचे आणि पट्ट्यावरचे झाकण काढून ठेवलेले असते, ते आजच बसवा. अपुऱ्या उजेडात आणि एकट्याने कुट्टी करू नये. बंद करण्याचे बटण दुसऱ्या माणसाच्या हाताशी असावे.

शेवटी एक विनंती

आपल्या गटात अपघाताने जायबंदी झालेला कुणी सभासद, सभासदाच्या घरचा माणूस किंवा तोडणी मजूर असेल, तर त्याची माहिती गट ऑफिसला किंवा चिटबॉयकडे द्यावी. प्रस्तावाचे कागद बरोबर लागले आहेत की नाहीत हे आमच्या खात्याचा माणूस बघून देईल. त्याला कुणी एक रुपयाही देऊ नये.

गावच्या वाचनालयाला शक्य झाल्यास बुद्धिबळाचा एक पट आणि चार विज्ञानकथांची पुस्तके भेट द्यावीत. वाढदिवसाच्या एका बॅनरच्या खर्चात हे दोन्ही बसते. आणि जायबंदी माणसाला भेटायला जाल तेव्हा "कसं झालं, काय झालं" हे पुन्हा विचारू नका. ते त्याने शंभर वेळा सांगितलेले असते. पट मांडून समोर बसा. हरलात तरी चालेल.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट कुजवण्याविषयी. कळावे.